नंदादीपाला तेल रोज लागते



१९०० सालच्या जून महिन्यातील एक सकाळ. स्थळ काशी. जामिनीरंजन मजुमदार नावाचा एक बंगाली तरुण गल्लीतून चालला होता. वाटेच्या कडेला एक वृद्ध स्त्री मरणासन्न अवस्थेत पडलेली त्याला दिसली. गंगेकडे जाणारे-येणारे भाविक तिला ओलांडून पुढे जात होते. तरुणाच्या खिशात पैसे नव्हते. त्याने आयुष्यात कधी केले नव्हते ते केले. एका वाटसरूपुढे हात पसरला. हातावर चार आणे पडले. त्या पावलीतून त्याने वृद्धेच्या मुखी अन्न घातले आणि पुढे मित्रांच्या साहाय्याने तिच्या उपचारांची सोय केली.

आज काशीच्या लक्सा भागात उभे असलेले रामकृष्ण मिशनचे सेवाश्रम हे त्या चार आण्यांचे फलित आहे. चारुचंद्र दास, केदारनाथ मौलिक आणि जामिनीरंजन हे तिचे आरंभीचे कार्यकर्ते. त्यांच्यापैकी चारुचंद्र पुढे स्वामी शुभानंद झाले आणि केदारनाथ स्वामी अचलानंद झाले. 'उद्बोधन' या बंगाली नियतकालिकात आलेली स्वामी विवेकानंदांची 'सखार प्रति' ही कविता या तरुणांच्या वाचनात आली होती. कविता अनेकांनी वाचली असेल. या मोजक्या तरुणांनी ती वाचून रस्त्याकडे पाहिले, एवढाच फरक.

ही कथा सेवाभावाची म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यात एक अवघड प्रश्नही दडलेला आहे. ती वृद्धा त्या रस्त्यावर आली कशी?

काशीत देह ठेवला की मोक्ष, ही हिंदू समाजाची शतकानुशतकांची श्रद्धा. त्या श्रद्धेने दूरदूरचे वृद्ध काशीवासासाठी येत. मराठी माणसाचे काशीशी असलेले नाते तर विशेष जिव्हाळ्याचे. पुण्यश्लोक अहल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले. भोसले घाट आणि शिंदे घाट आजही नागपूर आणि ग्वाल्हेरची आठवण देतात. अनेक वृद्ध स्वेच्छेने, तृप्त मनाने काशीला गेले. पण सगळेच तसे गेले नाहीत. विधवा झालेली काकू, निपुत्रिक आत्या, घरात अडचण वाटू लागलेली आजी यांनाही काशीची वाट दाखवली गेली. मागाहून येणारी मनीऑर्डर काही महिन्यांनी आटली, आणि दुखणे आले की खोलीच्या मालकालाही ती म्हातारी नकोशी झाली. श्रद्धेच्या नावाखाली जबाबदारी झटकली गेली, हे कटू असले तरी सत्य आहे.

म्हणूनच 'वृद्धाश्रम ही पाश्चात्त्यांची देणगी आहे, आपल्या संस्कृतीत त्यांना स्थान नाही' हे वाक्य व्यासपीठावरून उच्चारताना थोडे थांबावे. एकत्र कुटुंब हे हिंदू समाजाचे बलस्थान आहे, यात शंका नाही. परंतु त्या कुटुंबाच्या कडेवरून घसरून पडणारी माणसे तेव्हाही होती. त्यांना उचलणारी संस्था निर्माण व्हावी लागली, ती संस्कृती सोडून नव्हे, तर संस्कृतीचा खरा अर्थ ज्यांना कळला त्यांच्या हातून.

त्या संस्थेच्या नावाचीही एक हकीकत आहे. तरुणांनी आपल्या मंडळाला इंग्रजी वळणाचे नाव दिले होते. त्याचा अर्थ 'गरिबांचे दुःखनिवारण करणारी सभा' असा होता. १९०२ सालच्या आरंभी स्वामी विवेकानंद काशीत आले. काम पाहून ते आनंदले, परंतु नाव त्यांना खटकले. दुःखनिवारण करणारे आपण कोण? मनुष्याला केवळ सेवा करता येते, असा त्यांचा आशय होता. त्यांच्या सूचनेवरून संस्था 'सेवाश्रम' झाली. संस्थेसाठी मदतीचे आवाहनही त्यांनी स्वतः लिहून दिले. त्याच वर्षी ४ जुलैला स्वामीजींनी देह ठेवला आणि नोव्हेंबरमध्ये सेवाश्रम रामकृष्ण मिशनशी जोडले गेले.

नाव बदलल्याने काय झाले? देणारा आणि घेणारा यांच्या जागा बदलल्या. निवारण करणारा वरच्या पायरीवर उभा असतो. सेवा करणारा खाली बसतो आणि समोरच्याला देव मानतो. श्रीरामकृष्णांनी जीवावरील दया नव्हे, तर शिव मानून जीवाची सेवा, हा जो मंत्र दिला, तो येथे प्रत्यक्ष व्यवहारात उतरला.

वृद्धाश्रमाला दिल्या जाणाऱ्या दानाची कसोटी हीच आहे. आपण दया करतो की सेवा?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या शास्त्रांनी संदिग्ध ठेवलेले नाही. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीतील अकरावा अनुवाक सर्वांना परिचित आहे. विद्या संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य सांगतात की मातेला देव मान, पित्याला देव मान. हे वाक्य आपण कार्यक्रमपत्रिकांवर छापतो. परंतु त्याच अनुवाकात, काही ओळींच्या अंतराने, दान कसे द्यावे हेही सांगितले आहे. श्रद्धेने द्यावे, विनयाने द्यावे, संकोचाने द्यावे, समजून-उमजून द्यावे. मातापित्यांचा सन्मान आणि दानातील विनय हे दोन्ही उपदेश आचार्यांनी एकाच श्वासात केले. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य स्थळी, योग्य काळी, योग्य व्यक्तीला दिलेले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून दिलेले ते राजस. आणि घेणाऱ्याचा मान न राखता, अवहेलनेने दिलेले ते तामस. वस्तू तीच असूनही देण्याच्या रीतीमुळे दान तामस होऊ शकते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता आजच्या परिस्थितीकडे वळू या. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ४० लाख होती. लोकसंख्येतील त्यांचे प्रमाण ८.६ टक्के, तर महाराष्ट्रात ते दहा टक्क्यांच्या जवळ होते. त्यानंतर हे प्रमाण वाढतच गेले आहे. मातापित्यांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी व कल्याणासाठी २००७ साली केंद्रीय कायदा झाला. मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क त्याने दिला. सांभाळण्याची जबाबदारी असलेल्या ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद केली. निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे जणांची सोय असलेला एक आश्रम असावा, असेही त्यात म्हटले आहे.

कायद्याने तरतूद होते. माया होत नाही. वृंदावनचे उदाहरण घ्या. तेथील निराधार विधवांच्या दुरवस्थेची दखल २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाला घ्यावी लागली. २०१८ साली केंद्र सरकारने एक हजार महिलांसाठी 'कृष्ण कुटीर' उभारले. त्याच वृंदावनात वर्षानुवर्षे भजनाश्रम चालत आले आहेत. तेथे वृद्ध स्त्रिया ठरावीक तास भजन गातात आणि त्याबद्दल त्यांना थोडे धान्य वा पैसे मिळतात. ज्यांनी ते आश्रम काढले त्यांचा हेतू शुद्धच असेल. ज्या स्त्रीला कोणी नाही तिच्या पोटात दोन घास जावेत आणि मुखात हरिनाम असावे, हीच त्यामागची भावना. परंतु ज्या दिवशी ती आजारी पडते, घसा बसतो, पायऱ्या चढवत नाहीत, त्या दिवशी तिच्या घासाचे काय? भजन आनंदासाठी असते. ते पोटासाठी गावे लागले की त्याची मजुरी होते.

धार्मिक अधिष्ठान असलेल्या वृद्धाश्रमांचे मोल नाकारण्याचा येथे हेतू नाही. उलट, उतारवयात माणसाला जे हवे असते, ते अशा ठिकाणीच सहज मिळते. पहाटेची काकडआरती, संध्याकाळचा हरिपाठ, एकादशीची खिचडी, देवापुढचा दिवा, आपल्या माघारी कोणीतरी यथाविधी अंत्यसंस्कार करील हा विश्वास. केवळ चार भिंती आणि वेळेवर जेवण देणाऱ्या जागेत हे समाधान नसते. परंतु भजनाने शय्याव्रण भरून येत नाही, हेही तितकेच खरे. श्रद्धा मनाला आधार देते. शरीराला माणसाचे हात लागतात.

आणि येथेच दानाचा मूळ मुद्दा येतो.

जुन्या शिलालेखांतून देवळांना दिलेल्या दानांच्या नोंदी आढळतात. त्यांत एक दान वारंवार भेटते, ते म्हणजे नंदादीपासाठी तेल. गाभाऱ्यातील दिवा कधी विझू नये म्हणून कोणी जमीन लावून दिली, कोणी तेलाचा नेम बांधून दिला. समई एकदाच घडवावी लागते. तेल मात्र रोज लागते, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. अहल्याबाईंच्या दानधर्मातही हीच दृष्टी दिसते. त्या बांधकामावर थांबल्या नाहीत. नित्य खर्चाच्या नेमणुका त्यांनी करून दिल्या.

आजचा दाता मात्र समई देतो आणि तेल विसरतो. वृद्धाश्रमाला खोली बांधून देणारा मिळतो, कारण खोलीवर नाव कोरता येते. पंखा, शीतकपाट, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र यांना दाते मिळतात, कारण त्यांवर पाटी लावता येते. पुण्यतिथीचे मिष्टान्न भोजन देणारे मिळतात. पितृपक्षात तर एकाच दिवशी दोन-तीन ठिकाणांहून जेवण येते, आणि मधुमेह असलेल्या आजोबांच्या ताटात खीर आणि जिलबी दोन्ही पडतात. पुढच्या महिन्यात विजेचे देयक कसे भरावे, याची चिंता मात्र व्यवस्थापक एकटाच करीत असतो.

अंथरुणाला खिळलेल्या एका वृद्धाची शुश्रूषा म्हणजे काय, याचा हिशेब करून पाहावा. शय्याव्रण होऊ नयेत म्हणून त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. दिवसरात्र मिळून बारा वेळा. आश्रमात असे दहा वृद्ध असतील तर एकशे वीस वेळा. त्यात रात्रीचे दोन आणि पहाटेचे चारही आले. अंग पुसणे, डायपर बदलणे, चमच्याने भरवणे, औषधे देणे हे निराळेच. हे करणाऱ्या मावशी आणि मामा तीन पाळ्यांत लागतात, आणि त्यांना आठवड्याची सुट्टी द्यायची तर आणखी एक बदली माणूस लागतो. हे काम कठीण आहे, त्याला प्रतिष्ठा नाही आणि पगारही बहुधा तुटपुंजा असतो. चांगली मावशी शिकते, सवयीची होते, आजींचा तिच्यावर जीव जडतो, आणि दुसरीकडे हजार रुपये अधिक मिळाले की तिला जावे लागते. तिला दोष कसा द्यावा? तिच्याही घरी म्हातारे असतात.

वृद्धाश्रमाचे तेल ते हेच. सेवकांचा पगार, औषधे, डायपर, वीज, रात्रीची रुग्णवाहिका. या कशावरही पाटी लावता येत नाही. म्हणूनच ज्याला खरोखर द्यायचे आहे, त्याने हे द्यावे.

सामान्य माणसाने एवढे कोठून द्यावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच भूमीत आहे. पोर्तुगीज राजवटीत, १९०८ साली, पणजीत मुष्टिफंड संस्था उभी राहिली. घराघरांतून रोज मूठभर तांदूळ बाजूला काढायचा आणि त्यावर मुलांच्या मराठी शिक्षणाची सोय करायची, ही तिची कल्पना. त्याच काळात अंताजी दामोदर काळे यांनी महाराष्ट्रात पैसा फंडासाठी गावोगाव पायपीट केली, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले, आणि एकेका पैशातून तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. त्या लोकांपाशी धनिक कमी होते. नेम मात्र होता.

आज एखाद्या वस्तीतील शंभर घरांनी रोज दहा रुपये बाजूला ठेवले, तर वर्षाला तीन लाख पासष्ट हजार रुपये होतात. पण रकमेहून मोठी गोष्ट म्हणजे तिची खात्री. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम येणार, हे ठाऊक असले की संस्थाचालक रात्रपाळीसाठी आणखी एक माणूस नेमण्याचे धाडस करू शकतो. अनपेक्षित आलेल्या मोठ्या देणगीवर कोणी कायमचा सेवक नेमत नाही.

देताना डोळे उघडे ठेवावेत, हेही शास्त्रसंमतच आहे. समजून-उमजून द्यावे असे उपनिषदच सांगते. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल दाखवते का, हे विचारावे. भगवे वस्त्र किंवा प्रवेशद्वारावरील ओंकार हा हिशेबाला पर्याय नाही. पूर्वकल्पना न देता एखाद्या दुपारी जावे. दिवाणखान्यात बसून चहा घेऊन परतू नये. अंथरुणाला खिळलेल्यांच्या खोलीत जावे. तेथील वास, चादरी आणि वृद्धांची नखे संस्थेविषयी जे सांगतात, ते माहितीपत्रक सांगत नाही. फाटके कपडे आणि मुदत संपत आलेली औषधे नेऊ नयेत. आश्रम हा घरातील नको असलेल्या वस्तूंचा कोनाडा नव्हे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छायाचित्रे. ब्लँकेट देणारे चार जण हसत उभे आणि घेणारी आजी मान खाली घालून बसलेली, असे छायाचित्र हा तामस दानाचा उत्तम नमुना आहे. ती आजी एकेकाळी एखाद्या घराची कर्ती होती. तिच्या उंबऱ्यावरून भिक्षेकरी कधी रिकाम्या हाती गेला नसेल. तिचे चित्र शेजारी, भाऊबंद, कदाचित सासरी नांदणारी नातही पाहील. दात्याच्या समाधानाची किंमत तिने का मोजावी?

एक आक्षेप नेहमी घेतला जातो. अशा आश्रमांना मदत केल्याने मुले अधिकच बेजबाबदार होणार नाहीत का? आक्षेपात तथ्यांश आहे. ज्यांची मुले समर्थ आहेत, त्यांच्यासाठी मन वळवणे आहे आणि कायदाही आहे. परंतु ज्यांना मूलच नाही, ज्यांचे मूल त्यांच्या आधी गेले, ज्यांचे मूल स्वतःच अपंग आहे, ज्या पंच्याऐंशी वर्षांच्या मातेची साठीतील मुलगीच हृदयविकाराने अंथरुणावर आहे, त्यांनी कोणाकडे पाहावे? आणि ज्याला मुलाने टाकलेच आहे, त्या वृद्धाला मुलाच्या अपराधाची शिक्षा समाजाने कशासाठी द्यावी?

मात्र आश्रमाला पावती फाडून देणाऱ्याने एक क्षण स्वतःलाही विचारावे. गावच्या घरी एकट्या राहणाऱ्या आपल्याच आईशी शेवटचे निवांत बोलणे कधी झाले? आश्रमातील माता देवस्वरूप आणि घरातील माता कटकटी, असे होत असेल तर ते दान नव्हे. ते स्वतःची समजूत घालणे आहे. दानाचा आरंभ स्वतःच्या उंबऱ्याच्या आत होतो.

शेवटी पुन्हा काशीला जाऊ या. १९१२ सालच्या नोव्हेंबरमध्ये श्रीसारदादेवी सेवाश्रम पाहण्यास आल्या. असे रुग्णसेवेचे काम साधकाने करावे की नाही, याविषयी त्या काळी भक्तमंडळींतही मतभेद होते. श्रीमाँनी सर्वत्र फिरून पाहिले. येथे साक्षात ठाकूरच वास करीत आहेत, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले आणि त्या वादाला विराम मिळाला. परत गेल्यावर त्यांनी सेवाश्रमासाठी दहा रुपयांची एक नोट पाठवली. ती नोट संस्थेने खर्च केली नाही, जपून ठेवली.

आरंभी एका अनोळखी वाटसरूने दिलेले चार आणे, पुढे श्रीमाँचे दहा रुपये. दोन्ही रकमा लहान. त्या वाटसरूचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. त्याने पावती मागितली नाही, पाटी मागितली नाही, कोणी त्याचे छायाचित्र काढले नाही. पण ती पावली त्या सकाळी त्या तरुणाच्या हातावर पडली नसती, तर पुढचे काहीच घडले नसते.

प्रत्येक गावात, प्रत्येक शहरात असा एखादा आश्रम आहे. आज रात्री दोन वाजता तेथे कोणीतरी मावशी उठेल आणि एका आजीची कूस बदलेल. ती उठत राहावी, यासाठी आपल्या घरातून दरमहा काय जाते, एवढाच प्रश्न प्रत्येकाने आज सोबत घेऊन जावा. समया पुष्कळ आहेत. तेलाचा नेम धरावयाचा आहे.